बटणावरचं माझं बोट

४ तारीख

वहीबाई, उशीर झाला, माफ कर. महिनाभर तुला हात लावला नाही. वेळच कुठे मिळतो! हिला एकटं टाकून खाली दुकानापर्यंतही जाता येत नाही. गेलो आणि ठसका लागला तर? रात्रीही त्याच भीतीने जागाच असतो. दोन खोल्या, एक खिडकी आणि आम्ही दोघं.

नसांच्या आजाराने हिचे आधी हात गेले, मग जीभ गेली. बुद्धी शाबूत आहे. डोळे राहिलेत. त्यांतलं मला कळतं – दुसऱ्या कुणाला नाही.

आज एका संस्थेतून यंत्रवाली बाई आली. हिच्या गळ्याला मऊ पट्टा बांधला. नवीन आहे, अजून चाचणी चालू आहे. ही बोलायची धडपड करणार, पट्टा गळ्याची हालचाल ओळखणार आणि त्याला जोडलेली डबी बोलणार. पण आधी त्याला शिकवावं लागतं. हिने प्रयत्न केला की कोणता शब्द होता त्याचं बटण मी दाबायचं. गळ्याचं माप मीच घेऊन दिलं. जन्मभर शिवणकाम केलं, पट्टा काचला तर नाव बदलीन!

८ तारीख

मेव्हणीचा फोन. तेच तुणतुणं. "भाऊजी, ताईला माझ्याकडे पाठवा. इथे दोन सुना आहेत, चार माणसं आहेत. तुम्ही किती दिवस पुरणार?"

म्हटलं, तिला यायचं नाही.

"ती म्हणाली?"

डोळ्यांनी म्हणाली.

"तिच्या का तुमच्या?"

फटकळ बाई! म्हटलं, थांब, आता पट्टाच सांगेल. फोन ठेवला आणि 'नको'चं बटण कुठे आहे ते पुन्हा बघून ठेवलं. का, कोण जाणे.

१५ तारीख

डबी बोलली! "पाणी." "बरं आहे." लगेच मेव्हणीला फोन लावला आणि तिला ऐकवत हिला विचारलं – बहिणीकडे जातेस? "नको." अगदी स्वच्छ!

मेव्हणी म्हणते, "आवाज नवा आहे हो, पण बोलणं तुमचंच वाटतं." जळते, दुसरं काय.

हिच्या डोळ्यांतून पाणी आलं. आनंदानेच असणार.

१९ तारीख

यंत्रवालीने नोंदी तपासल्या. कपाळाला आठ्या. "आजोबा, 'नको' म्हणताना आजींचा गळा दर वेळी वेगळाच हलतोय. आणि त्यांनी सुरुवात करायच्या आत तुमचं बोट बटणावर! डबी शिकली ती तुमचा शब्द."

म्हटलं, मला आधीच कळतं. गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत कळायचं – ढगळ हवं का अंगासरसं.

"मग पट्टा तुमच्याच गळ्यात बांधू या," म्हणाली आणि हसली. मला नाही हसू आलं.

शिकवलेलं सगळं पुसलं. आता बाई चित्रं धरणार. ही ज्याच्यावर नजर ठेवील तोच तिचा शब्द. आणि मी खोलीबाहेर. माझ्याच घरात!

२२ तारीख

जिन्यात बसलो. आतलं काही ऐकू येत नाही. शेजारी वर येताना म्हणतो, "काय आजोबा, आजींनी हाकललं वाटतं?" दात काढतोय मेला!

ती जाते म्हणाली तर? बोलत नसली तरी समोर असते. इथे भिंतींशी का बोलू मी?

२६ तारीख

"दूध नको."

आजार झाल्यापासून रोज दोन वेळा पाजतोय. अगं, मग सांगायचं नाही का! – म्हणालो, आणि मग जीभ चावली.

३० तारीख

मेव्हणीने नेलं तिला. काल मीच विचारलं होतं, दोन्ही हात पाठीमागे धरून – बहिणीकडे जातेस? डबी म्हणाली, "जाते." मग, "तुम्ही झोपा."

तिथे पट्टा बोलला की इथे माझ्या फोनवर उमटेल, असं यंत्रवालीने जोडून दिलंय. अजून काही उमटलं नाही. अगं, रागाने का होईना, एक शब्द – पण लवकर कळव.