जोडीनेच द्यायच्या

३ फेब्रुवारी

पुन्हा नकार. म्हणजे मीच दिला. चांगले होते नवरा-बायको. मागे अंगण, फाटकाला नीट बसणारी कडी. बाईंनी धाकटीला मांडीवर घेतलं तर ती अंग आखडून का होईना, बसून राहिली. "हिला नेतो," म्हणाल्या. म्हटलं, न्यायच्या तर दोघींना. "दोन कुत्री? अहो, घरात आधीच माझी आई आणि हिची आई!" बायकोनं त्याला कोपर मारलं. हसलो तिघंही. मग ते गेले, आणि जिना शांत झाला.

मावशीला फोनवर सांगितलं. मावशी म्हणजे नात्यानं कुणाचीच नव्हे. रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका. टाकून दिलेल्या कुत्र्यामांजरांना कायमची घरं शोधते, आणि घर मिळेपर्यंत ती माझ्यासारख्यांकडे ठेवते — ज्यांच्याकडे एखादी खोली रिकामी आहे. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू घरं शोधतेयस की पळवून लावतेयस?"

जाहिरातीतलं वाक्य माझंच. 'जोडीनेच द्यायच्या.' बंद गोदामात एकाच खोक्यात सापडल्या, एकीच्या मानेवर दुसरीची मान. आणखी काय दाखवायला हवं?

५ फेब्रुवारी

नाव ठेवायचं नाही, हा मावशीचा नियम. नाव ठेवलं की सोडवत नाही. म्हणून नुसत्या थोरली आणि धाकटी. तेही आकारावरून. वय कुणाला ठाऊक.

८ फेब्रुवारी

पाणीपुरवठ्याच्या तक्रारी फोनवर घ्यायचं माझं काम. दिवसभर कानात लोकांचे आवाज — पाणी आलं नाही, पाणी गढूळ आलं, पाणी आलं ते शेजाऱ्याच्या भिंतीतून आलं. "थांबा हं, बघते," हे इतक्यांदा म्हणते की संध्याकाळी कुलूप काढतानाही तोंडातून तेच निघालं. दाराआड थोरलीची शेपटी भिंतीवर आपटत होती. आज माझ्याशी माझ्याबद्दल बोललेलं कुणी नाही. शेपटी सोडून.

ताईचा फोन आला. उचलला नाही. हात ओले होते. पुसता आले असते.

९ फेब्रुवारी

ताईच्या खोलीत आता या दोघी. जन्मभर आम्ही दोघी या घरात राहिलो, आणि गेल्या वर्षी, पन्नाशी उलटल्यावर, तिनं लग्न केलं! लिफ्ट दुरुस्त करणारा गृहस्थ. तिच्या कार्यालयातली लिफ्ट अडकली, ही आत, तो बाहेर. आत असतानाच बोलणं सुरू झालं म्हणे. अजून मी त्यांच्या घरी गेलेले नाही. बोलावतात. काम असतं.

११ फेब्रुवारी

धाकटी आजही जेवली नाही. थोरलीनं तिची ताटली चाटून लख्ख केली. वाया जात नाही, एवढंच.

१४ फेब्रुवारी

धाकटीचे किडलेले दात काढले. डॉक्टरीणबाईंनी रात्रभर ठेवून घेतलं. थोरली या खोलीतून त्या खोलीत जातेय. मीही.

१५ फेब्रुवारी

आणायला गेले. बाई म्हणाल्या, "छान आहे हो ही! दूधवाल्यावर भुंकली, ताटली संपवली, आणि पोट वर करून झोपली." म्हटलं, दुसऱ्याच कुणाबद्दल सांगताय. आमची भुंकत नाही. आमची खात नाही. "दातांमुळे खात नव्हती, आता खाते," असा मीच खुलासा केला. बाईंनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "तुमच्याकडे तिच्या शेजारी कोण जेवतं?"

पिशवीतून घरी आणली. वाटेत डोकं बाहेर काढून सगळ्या रस्त्याचा वास घेत होती. आमचा जिना आला तसं डोकं आत.

१७ फेब्रुवारी

आज खुर्ची ओढून समोर बसले आणि नुसतं पाहिलं.

थोरली गुरगुरत नाही. दात दाखवत नाही. धाकटी ताटलीजवळ आली की ही उठून जवळ येते, तिचा कान चाटते, तिच्या मानेवर मान टाकते. धाकटी एक पाऊल मागे सरते. मग आणखी एक. मग भिंत लागते. थोरली जेवते. सगळं प्रेमानंच चाललेलं.

ताटल्या वेगळ्या खोल्यांत ठेवल्या, मध्ये दार लावलं. पलीकडून मचमच ऐकू आली. दाराला कान लावून ऐकत राहिले.

१८ फेब्रुवारी

मावशीला सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. "खोक्यात थंडी असते गं. जी सापडेल तिला बिलगतात. आपण आल्यावर त्याला जोडी म्हणतो. नवीन माणसं हमखास ही चूक करतात." म्हटलं, मी नवीन नाही. "मग जुनी माणसं हमखास ही चूक करतात."

वाक्य अजून जाहिरातीत आहे.

२१ फेब्रुवारी

एकट्या धाकटीसाठी विचारणा आलीय. घर बघायला मीच जायचं — ज्याच्याकडे जनावर राहतं त्यानंच घर बघून यायचं, ही मावशीची पद्धत. "पत्ता देते, पण आधी खाली बस," म्हणाली.

ताईचा पत्ता!

"मला का नाही विचारलं तिनं?"

"तिला तुझी भीती वाटते म्हणे."

"माझी?"

"मी ऐकलं ते सांगितलं. दुसऱ्या कुणाला पाठवू?"

नको म्हटलं.

२३ फेब्रुवारी

गेले. किल्ल्या करणाऱ्याच्या दुकानावर तिसरा मजला. जिन्यातच कुणीतरी शीळ घालत असल्याचं ऐकू आलं. गृहस्थ मजेत दिसतात, मनात म्हटलं. दार उघडलं ते गृहस्थांनी. तोंड मिटलेलं. शीळ आतून येत होती.

ताई शीळ घालते! ओट्याशी पाठमोरी उभी, कोपऱ्यात रेडिओ मोठ्यानं.

मी ठरवून गेले होते, नेहमीसारखं करायचं. दाराची कडी पाहिली. सज्ज्याची जाळी हलवून पाहिली. विचारलं, दिवसा घरी कोण असतं? "मी," ते म्हणाले. "गुडघ्यानं निवृत्त केलंय. लिफ्ट दुरुस्त करत जन्म गेला, आणि राहायला मिळाला तिसरा मजला, विनालिफ्टचा!" ताई आतून ओरडली, "हा विनोद तिला आठवडाभर पुरेल, आता दुसरा नको!" ओरडली. ताई.

"कुत्रं आजारी पडलं तर?"

"मी पडलो तेव्हा हिनं रजा काढली नव्हती. कुत्रीसाठी काढेल."

"खोटारडा! दोन दिवस काढली होती!"

चहा आला. ताईनं स्वतःच्या कपात साखर घातली, मग आणखी घातली. आमच्या घरी चहा बिनसाखरेचा. लहानपणापासून. तिला तसाच आवडतो. म्हणजे, मला तसा आवडतो.

ती बोलत होती. कार्यालयातलं, खालच्या किल्लीवाल्याचं, सज्ज्यात कुत्री कुठं झोपेल त्याचं. एक गोष्ट संपायच्या आत दुसरी. ते मध्ये बोलत नव्हते, नुसते ऐकत होते. मी दोनदा तिचं वाक्य पूर्ण करायला तोंड उघडलं. दोन्ही वेळा ती थांबली. लगेच. खटकन. तिसऱ्यांदा मी कप तोंडाला लावला आणि ती बोलत राहिली.

ताई अबोल आहे, असं मी सगळ्यांना सांगत आले.

निघताना जिन्यापर्यंत आली. "पास झालो का गं आम्ही?" हसत विचारलं, पण दाराचा काठ घट्ट धरला होता. म्हटलं, मावशी कळवेल. दोन मजले उतरल्यावर शीळ परत ऐकू येते का म्हणून थांबले. आली. जरा वेळानं.

२४ फेब्रुवारी

मावशीला सांगितलं, घर योग्य आहे. जाहिरातीतलं वाक्य काढ.

"नक्की? बघ हं. पहिला महिना कच्चा धरायचा. मागे राहिलेली झुरायला लागली तर जोडीच होती म्हणायचं, आणि धाकटीला तिथून उचलून परत तुझ्याकडे आणायचं. मी कुणाची भीड धरणार नाही, तुझ्या ताईचीही."

"जोडी नाही," मी म्हटलं.

२७ फेब्रुवारी

न्यायला दोघंही आली. धाकटी भावोजींच्या बुटांचा वास घेत राहिली. ताईनं दारातच तिला नाव ठेवलं, तिला तो नियम नाही. थोरलीला मी आतल्या खोलीत ठेवलं होतं. ओरडली नाही.

धाकटी जिना उतरली, एकदाही मागे न बघता. ताई मात्र प्रत्येक वळणावर वर बघत होती. मी हात केला. मग दार लावून घेतलं, नाहीतर ती उतरलीच नसती.

१ मार्च

थोरलीला दोन्ही खोल्या. मलाही.

६ मार्च

थोरली दाराशी बसते. जिन्यावर पाऊल वाजलं की उठते, कान टवकारते. पाऊल वरच्या मजल्यावर गेलं की बसते. मला वाटत होतं, कामावरून येताना माझी वाट बघते. आज सुट्टी. मी घरातच होते. दिवसभर तेच. पाण्यालाही उठली नाही.

संध्याकाळी भावोजींचा फोन. धाकटी पलंगावर झोपते, ताईला जागा उरत नाही. मागून ताई ओरडली, "थोरली कशी आहे गं?"

मजेत, म्हटलं. मावशीलाही तेच कळवलं.