डाव्या पायावाचून चालणारा ट्रॅक्टर

मी पार्वती दौलत मढवी, वय साठीच्या आसपास, धंदा शेती, राहणार अकलोली, तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचं काय व्हावं ते आज लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. ते नाही असं सांगत फिरणाऱ्या माणसाचं नाव पुढे येईलच. हे लिहायला मला कोणी भाग पाडलेलं नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कोणी काढून दाखवलं तर ते खोटं समजावं. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, कागदात राग नको." मी म्हटलं, मग कागद कोरा राहील.

कलम एक. अकलोलीचं घर माझ्या नावावर आहे. त्यातली ओटी, माजघर आणि विहीर माझी मुलगी तुळजा हिला. मागची खोली आणि परस माझा मुलगा पंढरी याला. पंढरी नारपोलीला कापडाचा लूम चालवतो, तिथेच राहतो, तरी तो माझा मुलगा आहे. त्याला परसातून जायला-यायला तुळजाने अडवू नये. पुढचं दार मात्र तिचं.

कलम दोन. माझ्या वडिलांनी मला दिलेलं भातशेत सगळंच्या सगळं तुळजाला. ती लग्न होऊन याच गावात राहिली आणि दर पावसाळ्यात माझ्याबरोबर चिखलात उतरली. पंढरी ट्रॅक्टरच्या सीटवरून खाली उतरला तो फक्त भात न्यायला.

या शेताच्या बांधावरून माझे दीर राघो मढवी आपल्या शेतात गाडी नेतात. ती मी तोंडी दिलेली परवानगी होती. ती माझ्याबरोबर संपेल. त्यांनी ओढ्याकडून फिरून जावं.

कलम तीन. ट्रॅक्टर. हे कलम लांबेल.

माझे यजमान गेल्यावर त्यांचा जुना ट्रॅक्टर मी चालवायला शिकले. गाव हसलं, मग हसायचं थांबलं. ब्याण्णवच्या पावसाळ्यात मी मागे वाकून चिखल घुसळायचा रोटाव्हेटर जोडत होते. पंढरी सीटवर होता. गियर मागचा पडलेला होता आणि त्याने क्लचवरचा पाय उचलला. ट्रॅक्टर मागे आला आणि माझा डावा गुडघा मध्ये चेंगरला. हाड जुळलं, पण गुडघा वाकायचा बंद झाला. पाय सटकला, असं पंढरी गावाला सांगतो. मला त्याने आजपर्यंत काहीच सांगितलेलं नाही.

डावा पाय वाकत नाही म्हणजे क्लच दाबता येत नाही. क्लच दाबता येत नाही म्हणजे गियरचा ट्रॅक्टर चालवता येत नाही. पुढे जुना ट्रॅक्टर विकला तेव्हा मी भिवंडीला महमूदशेठच्या वखारीत गेले. ते बाहेरदेशची वापरलेली यंत्रं आणून विकतात. तिथे एक छोटा जपानी ट्रॅक्टर उभा होता. महमूदशेठनी त्याला हायड्रोस्टॅटिक म्हटलं. चाकांना जोर तेलाच्या दाबातून मिळतो, चालवताना क्लच लागत नाही. उजव्या पायाने पायडल पुढे दाबलं की पुढे, मागे दाबलं की मागे, पाय उचलला की उभा.

"बसून बघा, ताई," ते म्हणाले. मी बसले. वखारीतल्या भंगारामधून पुढे गेले, मागे आले, वळले. डावा पाय लाकडासारखा बाजूला पडून होता आणि त्याची कोणाला गरज नव्हती. मला रडू आलं, ते मी इंजिनाच्या आवाजात उरकून घेतलं.

महमूदशेठनी काही लपवलं नाही. "खोटं न्हाय बोलणार. गियरवाल्यात ताकद सीधी चाकाला जाते. ह्यात थोडी तेलातच खपते. डिझेल जास्त पिणार. तेल साफ पायजे. बिघडला तर गावात कोण हात न्हाय लावणार."

"आणि मी तो चालवू शकते ना?"

"तुम्ही आत्ता चालवलात की."

मी तोच ठेवायला सांगितलं आणि पैसे पंढरीच्या हाती दिले. दुसऱ्या दिवशी पंढरी आणि राघो मढवी हार घातलेला ट्रॅक्टर घेऊन अंगणात आले. गियरचा, दुसऱ्याच दुकानातला.

मी विचारलं, "हा कोणासाठी?"

पंढरी खाली बघत म्हणाला, "आये, चिखलणीला ताकद लागते. त्या जपान्याला उद्या कोण गिऱ्हाईक मिळायचं?"

राघो मढवी म्हणाले, "वयनी, तुला काय करायचाय? तू आता बस घरात. चालवायला आम्ही हाव ना."

ताकद, डिझेल, गिऱ्हाईक, सगळी कारणं खरी होती. पण त्यातल्या एकाही कारणाने मला विचारू नका असं सांगितलेलं नव्हतं. ट्रॅक्टर असा निवडला की मी त्यावर बसूच नये. मी नारळ फोडू दिला नाही.

मग मी पाटल्या मोडल्या, एसटीने भिवंडी गाठली आणि जपानी ट्रॅक्टर घेतला. त्या वर्षी चिखलणीत तो ओढ्याकडच्या खोल खाचरात रुतला. पंढरीने गियरवाल्याने मला ओढून काढलं आणि बांधावर उभ्या लोकांसमोर हसला. हसण्यासारखं होतं, हेही लिहिते. पुढच्या वर्षी मी त्या खाचरातलं पाणी आधी उतरवलं, रोटाव्हेटर उथळ ठेवला आणि सगळं शेत केलं. लहान खाचरात बांधाला लागून मागेपुढे करताना गियरवाला माझ्या जवळपास येत नव्हता. तुळजा आणि मी दुसऱ्यांच्याही चिखलण्या घेऊ लागलो.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर ट्रॅक्टर अंगणातच मेला. इंजिन चालू, पायडल दाबलेलं, चाक हलेना. नारपोलीला कापडाच्या गाठी दाबायचे हायड्रॉलिक प्रेस दुरुस्त करणारा सिराज बुबेरे याला बोलावलं. त्याने तेल सोडलं तर ते दुधासारखं पांढरं.

"काकी, ह्याच्यात पाणी हाय. भरपूर. हे आपोआप न्हाय जात."

राघो मढवी ओटीवर बसलेले होते. मी त्यांच्याकडे बघितलं. ते सुपारी कातरत म्हणाले, "त्याबिगर तू खाली उतरणार नव्हतीस."

पंढरी तिथेच होता. त्याला हे आधीपासून माहीत होतं, हे मला त्याच्या तोंडावर दिसलं. सिराजने पंप खोलला, धुतला, तेल बदलून पुन्हा बदललं. माझी त्या वर्षीची चिखलणी उशिरा झाली, पण मीच केली. नंतर राघो मढवी बाईचं डोकं फिरलंय म्हणून सांगत गणेशपुरीपर्यंत फिरले.

कलम चार. गियरचा ट्रॅक्टर माझ्या पैशाने आलेला असला तरी तो पंढरीचा. त्यानेच निवडला, त्यानेच ठेवावा.

कलम पाच. राघो मढवी यांस माझ्या मिळकतीतून काहीही नाही. हे नजरचुकीने राहिलेलं नाही. त्यांनी माझ्या तिरडीला हात लावू नये.

कलम सहा. जपानी ट्रॅक्टर, रोटाव्हेटर आणि सगळी हत्यारं तुळजाला. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आये, राग धरू नको. तुझ्यामागारी मी हा विकीन. मना गियरचाच बरा. माझे दोनी पाय धड हायेत, नि खोल खाचरात तोच चालतो."

मी राग धरला. दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. मग लक्षात आलं की घरात ट्रॅक्टर कुठला घ्यायचा हे माझ्यानंतर पहिल्यांदाच एका बाईने स्वतःच्या पायांकडे बघून सांगितलं आहे आणि मी तिचं तोंड बंद करायला बसले आहे.

तेव्हा तुळजाने हा ट्रॅक्टर विकावा किंवा ठेवावा. नवा घ्यायचा तर गियरचा घ्यावा, बिनगियरचा घ्यावा, तिची मर्जी. पंढरी किंवा राघो मढवी यांची संमती लागणार नाही. माझीही नाही. फक्त घेण्याआधी तिने स्वतः सीटवर बसून तो चालवून बघावा, आणि दुकानदाराने मालक कुठे आहेत असं विचारलं तर इंजिन बंद न करता आपलं नाव सांगावं.

वाचून, समजून, बरोबर आहे म्हणून सही केली.

सही: पार्वती दौलत मढवी

आमच्यासमोर त्यांनी स्वतः सही केली, आणि त्यांच्यासमोर आम्ही:
१. सिराज अय्यूब बुबेरे, राहणार नारपोली, भिवंडी
२. सीताबाई दाजी केणी, राहणार अकलोली

ठिकाण: भिवंडी
तारीख: ५ डिसेंबर १९९७