बाबांच्या खांद्यामागची गाठ

दादा,

डॉक्टरांकडे नंबर लावायला पुढे जातेय. बाबांना घेऊन अकरापर्यंत ये. त्यांना पुढे बटणं असलेलाच शर्ट घाल, उजवा हात वर जात नाही. टेनिसचा चेंडू मी कपाटावर लपवलाय. पाठीखाली घ्यायला मागतील, अजिबात देऊ नकोस.

का ते ऐक. आखडलेला स्नायू हळूच दाबून धरला की दोन-तीन मिनिटांत बोटांखाली सैल पडतो. रोज दहा पेशंटचा पडतो. बाबांची ती गाठ तीन आठवडे दाबूनही तसूभर सैल पडलेली नाही, म्हणजे ती स्नायूची नसावी. पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवायला हवी होती. पण घरात फिजिओ असताना बाहेर कशाला, ही माझी घमेंड. तू म्हणालास तर तुझ्यावरच खेकसले. चुकलं माझं.

बाबांना यातलं काही बोलू नकोस, असं लिहिणार होते. पण काल मी नुसताच हात ठेवला, तर म्हणाले, "आज दाबत नाहीस?" म्हटलं, दमलेय. त्यांनी डावा हात खांद्यावरून मागे आणून माझी बोटं थोपटली.

"असू दे. नुसता ठेव."

– छोटी