पाळणा अजून ओलाच

रविवार, ता. १० फेब्रुवारी १८८४. ठाणे.

आजपासून रोजनिशी नेमाने लिहिण्याचा निश्चय. गेल्या वर्षीची रोजनिशी जानेवारीच्या तीन तारखेस बंद पडली, त्याला कारण दौत. दौत आता नवी आहे.

काल रस्तेखात्याच्या साहेबाच्या बंगल्यावर लिलाव झाला. साहेब विलायतेस परत. कचेरीतल्या मंडळींनी आरसे, दिवे, बश्या घेतल्या. मी पाळणा घेतला. सागवानी, खाली झुलायच्या पट्ट्या, चहूबाजूंनी कठडा. वॉर्निश उडाले आहे, पण लाकूड फर्स्ट क्लास. एक ओरखडा नाही. कठड्यावर पोराच्या दाताची एक खूण नाही. इतका जपून वापरलेला जिन्नस लिलावात सहसा मिळत नाही. साहेबलोकांची शिस्तच वेगळी.

आमची ठकू कल्याणहून बाळंतपणास आली आहे. दिवस चैत्रात भरतात. तोवर पाळणा खरवडून, तेलरंग देऊन, लालभडक करून बारशाला मांडणार. सुताराला हात लावू देणार नाही. आपला हात जगन्नाथ. एका रविवारचे काम.

कुटुंबाला दाखवला. सगुणाने कठड्यावरून चारी बाजूंनी हात फिरवला आणि आत गेली. भरून आले असावे.

मंगळवार, १२ फेब्रुवारी.

भरून आले नव्हते. सगुणा विचारते, ह्यात कोणाचे मूल निजत होते? म्हटले, साहेबाचे. ते आता कुठे आहे? म्हटले, विलायतेत. (असणारच. साहेबाचे मूल आणखी कुठे असणार?)

तिचे म्हणणे असे की पाळणा आणावा तो जिची पोरे जगली तिच्या घरचा. ठकूचे पहिले पाचवी पुजायच्या आत गेले, या खेपेस उगाच धोका नको. शेजारची थेरेसा आपला पाळणा द्यायला एका पायावर तयार आहे. ने गो बाय, माजी साती पोरां यानच मोठी झाली, असे कुंपणावरून ओरडून सांगते, ते आमच्या सगळ्या चेंदणी वस्तीला ऐकू जाते.

जाऊन पाहिला. काळा ठिक्कर. कठडा उंदरांनी कुरतडल्यासारखा. सातही जणांनी दात शिवशिवताना चावलेला.

साफ नाही म्हटले. मी वाचनालयात खुळ्या समजुतींवर निबंध वाचलेला माणूस. किरिस्तावाघरच्या वस्तूला माझी स्वतःची काही हरकत नाही. पण लोक काय म्हणतील, हाही विचार सुधारकाला करावा लागतोच.

ठकूच्या पहिल्याबद्दल इथे लिहीत नाही. इथे पाळण्याचे लिहायचे आहे.

रविवार, १७ फेब्रुवारी.

पहाटे उठून वॉर्निश खरवडायला बसण्याचा बेत. उठलो आठला. फुटक्या काचेने खरवडले. एक पाय झाला. एक बोट कापले. बोटाला विश्रांती.

उरलेला पाळणा पुढच्या रविवारी. घाईची कामे टिकत नाहीत.

बुधवार, २० फेब्रुवारी.

सगुणाने टुमणेच लावले की बंगल्यावर जाऊन त्या मुलाचे काय ते विचारणे व्हावे. कचेरी सुटल्यावर गेलो. बटलर अजून आहे. पण कामात होता. पायरीवर बसून विडी ओढत होता खरा, तरी मनाने कामात दिसला. नमस्कार करून परतलो.

घरी सांगितले, बटलर भेटला. यात खोटे काही नाही.

रविवार, २ मार्च.

खरवडणे संपले. (मागच्या बाजूचे सोडून. ती भिंतीकडे येणार.) मग गेरू, राळ आणि जवसाचे तेल एकत्र कढवले. इंग्रजी पुस्तकात कृती स्पष्ट दिलेली आहे. त्यात वासाचा उल्लेख नाही. ठकूला ओकाऱ्या झाल्या. चूल, कढई आणि मी, तिघांची रवानगी परसात.

पहिला हात दिला. रंग अप्रतिम. उद्या संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळेल, असे पुस्तक म्हणते. शिरस्तेदार मारुतीरावांना बारशाचे निमंत्रण देऊन टाकावे. पाळणा पाहून चकित होतील.

सोमवार, ३ मार्च.

ओला.

खाडीची हवा.

रविवार, ९ मार्च.

आठवडाभर रोज संध्याकाळी बोट लावून पाहिले. रोज बोट लाल. आज मात्र दिवसभर घरी होतो, आणि दुपारी चारला बोट कोरे निघाले! पुस्तक खरे ठरले. फक्त इंग्लंडचा एक दिवस म्हणजे आपला एक आठवडा.

सोमवार, १० मार्च.

कचेरीतून येऊन पाहतो तो पुन्हा ओला. कालच्यापेक्षा जास्त ओला. आता थकवा येतो. सदऱ्याची बाही लाल झाली. सगुणाला म्हटले, वाळलेला रंग परत ओला कसा होतो? ती म्हणाली, मला बाई त्यातले काय कळते. हे मात्र खरे.

घरात खोबरेल फार संपते आहे. बायका केसांना किती लावतात, त्याला काही सुमार? बोलून दाखवले. दोघी मायलेकींनी एकमेकींकडे पाहिले.

गुरुवार, १३ मार्च.

महत्त्वाचा शोध. काल धुळवडीची रजा. दिवसभर पाळण्याजवळ बसून होतो. वाळला. आज कचेरीस गेलो. ओला. रविवारी वाळतो, सोमवारी ओला होतो. यावरून सिद्ध होते की रंग वाळण्यास मालकाची नजर लागते. हे पुस्तकात नाही. कोणा साहेबाला अजून सुचले नसावे.

मंगळवार, १८ मार्च.

चार दिवसांच्या रजेचा अर्ज केला. कारण: घरी रंगावर देखरेख. मारुतीरावांनी अर्ज सबंध कचेरीसमोर मोठ्याने वाचला आणि विचारले, रंग कुठे पळून जाणार आहे काय? सगळे हसले. रजा नामंजूर. मनुष्य सायन्सच्या बाबतीत अडाणी आहे.

आता कचेरीत शिरले की जो तो विचारतो, वाळला का? परवा टपाल आणणाऱ्यानेही विचारले.

शुक्रवार, २८ मार्च. पाडवा.

रजा. पाळणा वाळला. दुसरा हात दिला.

मी ब्रश धूत असता सगुणा परसात आली. ठकू आत निजली होती. म्हणाली, इकडच्या ध्यानात आलं नाही का? कठड्याला दाताची खूण नाही. मूल बसायला लागलं, उभं राहायला लागलं, की आधी कठडा चावतं. आपल्या तिन्ही पोरांनी पाटाच्या कडासुद्धा सोडल्या नाहीत. ह्या पाळण्यातलं मूल बसण्याइतकं मोठं झालंच नाही.

मी म्हटले, साहेबाची मुले शिस्तीची असतात, लाकूड चावत नाहीत. ती ठकूकडे पाहायला आत गेली. भांडली असती तर बरे झाले असते.

जेवण गेले नाही. तेलाचा वास डोक्यात चढला असावा.

सोमवार, ३१ मार्च.

सकाळी ठकूची सुटका झाली. मुलगा. दोघे सुखरूप. कचेरीत पेढे वाटले. मारुतीरावांनी पेढा घेता घेता विचारले, वाळला का?

पाळणा ओला.

शनिवार, ५ एप्रिल. रामनवमी.

काल पाचवी पार पडली. सगुणा रात्रभर दिवा धरून बसली होती, मी ओटीवर. सकाळी पोराने टाहो फोडला तेव्हा तिने पहिल्यांदा पाठ भिंतीला टेकली. मी पण टेकली.

सुवेर असल्याने आज देवळात जाणे नाही. दिवस मोकळा. विचार केला की घरातल्यांची समजूतच हवी असेल, तर कठड्यावर दाताच्या चार खुणा असण्यास कोणाची काय हरकत? ही खुळी समजूत नव्हे. कुटुंबाच्या मनाला स्वास्थ्य मिळावे म्हणून केलेली तजवीज आहे. पटाशीने एक करून पाहिली. कुऱ्हाडीचा घाव वाटला. मूल असे चावत नाही. शेवटी इकडे तिकडे पाहिले, गुडघ्यांवर बसलो आणि स्वतः चावलो.

सागवान फार कठीण लाकूड आहे. पुढचा दात गेले वर्षभर हलत होताच. तो रंगात आणि लाकडात असा रुतला की मी उठलो आणि तो उठला नाही.

नेमकी त्याच वेळी सगुणा मागे उभी. माझे तोंड लाल, हनुवटी लाल, सदरा लाल. त्यात रक्त किती आणि गेरू किती, हे मला स्वतःलाही सांगता आले नसते. तिने आधी किंकाळी फोडली. मग कठड्यातला दात पाहिला. मग माझ्याकडे पाहिले. मला वाटले हसेल. ती पदर डोळ्याला लावून आत निघून गेली.

दात काढायला गेलो, तुटेल असे वाटले. राहू दिला.

गुरुवार, १० एप्रिल.

उद्या बारसे. पाळणा इतका ओला की वर बसलेली माशी उडेना. आज मी हरलो. सगुणाला म्हटले, तुला काय करायचे ते कर.

ती एवढ्याचीच वाट पाहत होती. कुंपणावरून एक हाक गेली, आणि थेरेसा व तिचा नवरा इनास पाळणा घेऊन हजर. उद्या त्यांचा मोठ्या उपासाचा शुक्रवार. त्या दिवशी देवळातून हलायचे नाही, म्हणून आजच आणला. तिने तो चिंचेने आणि राखेने घासून आणला होता. तरी काळाच. थेरेसाने माझ्या दाताच्या खिंडाराकडे पाहिले, पण काही विचारले नाही. तिला सगळे ठाऊक होते, हे उघड आहे.

शुक्रवार, ११ एप्रिल. सरकारी सुट्टी.

बारसे झाले. बाळाचे नाव आनंदा. थेरेसाच्या पाळण्यात घातला तो लगेच निजला. मारुतीराव जेवायला आले. काळ्या पाळण्याभोवती फिरले, कठडा जवळून निरखला आणि म्हणाले, हाच तो रंग काय?

मी म्हटले, होय. फार खोलवर मुरला आहे.

मंगळवार, १५ एप्रिल.

सणाची सुट्टी संपली. कचेरीस गेलो. परत येऊन सवयीने परसात जाऊन बोट लावले. कोरे. तळहात लावला. कोरा. दिवसभर मी घरी नव्हतो, तरी वाळलेला. माझा सिद्धांत खोटा पडला. आत येऊन पाहिले, खोबरेलाची बाटली शनिवारी होती तितकीच भरलेली.

बाटली उचलली. मग सगुणाला विचारले.

तिने लपवले नाही. मी कचेरीस गेलो की ती रोज पाळण्याला खोबरेल चोळत असे. मी घरी असेन त्या दिवशी जमत नसे. बारसे झाले, आता कशाला, म्हणून कोंड्याने पुसून टाकला. थेरेसाची बहीण सबीना त्या बंगल्यावर आया होती. मी बटलर भेटल्याचे सांगितले त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिच्याकडून सगुणाला सगळे कळले होते. मुलगी होती. बसायलासुद्धा लागली नव्हती. गोऱ्यांच्या दफनभूमीत आहे. मडम तिथूनच बोटीवर गेली.

मी विचारले, मग मला तेव्हाच का सांगितले नाहीस? ती म्हणाली, सांगितलं तर इकडून ऐकणं झालं असतं का? आणि इतक्या हौसेने आणलेला, फेकून द्या कसं म्हणू? तोही कुणाच्या तरी लेकराचा. वाळला नाही की वापरायला नको, एवढंच माझं.

मला फार वाईट वाटले. त्या मडमेचे वाटले. सगुणाचे वाटले, महिनाभर रोज दुपारी तेल चोळत बसली. आणि ठकूच्या पहिल्याचे वाटले. तीही मुलगी होती. तिचे कान माझ्यासारखे होते. नाव ठेवायचे राहिले. हे मी आजवर कुठे लिहिले नव्हते.

रविवार, २० एप्रिल.

थेरेसाचा पाळणा परत करण्याआधी त्याला लाल रंगाचा एक हात द्यावा, असे सकाळी मनात आले. ब्रश कुठे सापडेना. सगुणाला विचारले, तिलाही माहीत नाही म्हणे. ठकू तोंडाला पदर लावून हसत होती.

माझा पाळणा विकून टाकू का, म्हणून विचारले. सगुणा नको म्हणाली. परसात जाऊन कठड्यातला माझा दात बोटाने चाचपून आली आणि म्हणाली, आता ह्याला खूण आहे. चावणारा जिवंत आहे. ठकूच्या पुढच्या खेपेला चालेल.

तोवर रिकामा पाळणा घरात ठेवू नये, म्हणून त्यात बेगमीचे कांदे भरले आहेत.