इशिगाकीलाही ऊस असतो

४ जून
रेवाचं पार्सल आलं. काळ्या गुळाचे तुकडे. जपानच्या पार टोकाला, इशिगाकी बेटावर, म्हाताऱ्यांच्या आश्रमात नर्स आहे आमची लेक. तिथंही ऊस, तिथंही गुऱ्हाळं. ह्यांचा सगळा जन्म गूळपेठेत गेलेला. तुकडा जिभेवर ठेवून डोळे मिटले. "जरा खारट हाय. समुद्राचा वारा लागलाय उसाला." मग दुसरा घेतला.

१९ जून
आश्रमातल्या एका आजींनी रेवाला कारलं शिकवलं. कडू पाणी पिळून काढायचं नाही. टोफू, अंडं, मोठी आच. मी टोफूऐवजी पनीर घातलं. हे ताटाकडे बघत, "कारल्यात अंडं? लय झालं आता." पण संपवलं.
इथं कारल्याला हात लावायची नाही पोरगी. आता त्या आजींबरोबर आवडीनं खाते. बरं वाटलं. आणि नाहीही.

६ जुलै
रेवा सुट्टीला बोटीनं शेजारच्या बेटावर गेलेली. व्हिडिओ पाठवला. रेड्याची गाडी, आत प्रवासी, गाडीवान तीन तारांचं वाद्य वाजवत गातोय. कोपरा आला की रेडा आपला आपण वळतो. शेवटी रेवा हसून कुणाला तरी जपानीत काही म्हणते. परत परत लावला. आवाज तिचाच, शब्द एक कळत नाही.

२२ जुलै
तिचा करार संपतोय.
"आई, वाढवू का?"
"तुझं तू बघ." म्हणायचं होतं, ये.
"मग तुम्हीच या ना एकदा."
हे लगेच, "पासपोर्ट काढू." दुकान सोडून लग्नाकार्यालासुद्धा न जाणारा माणूस!

१० ऑगस्ट
तिकडं वादळ. फोन लागत नाही. हे दुकान उघडायला गेले नाहीत. स्वयंपाक तसाच झाकून.

११ ऑगस्ट
लागला! वीज गेलेली, सगळे एका खोलीत, आजींनी हिचा हात धरून ठेवलेला. "घाबरले नाही गं. माझीच तर माणसं होती सगळी."
माझीच म्हणाली.
करार वाढवला का, विचारायचं धाडस...

२ सप्टें.
पासपोर्टच्या चौकशीला हवालदार आले.
"कुठं जाणार, काकू?"
"इशिगाकी. लेक असते तिथं. बेट आहे. ऊस पिकतो, हळद पिकते, कारली लय खातात."
"मंग सांगली काय वाईट हाय?"
आम्ही दोघंही हसलो.
"आन् पोरगी परत कवा येणार?"
हे म्हणाले, "दिवाळीला." मी म्हणाले, "माहीत नाही." दोघं एकदमच बोललो.