खिशातला चमचा

ता. ४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

थेट मुद्द्यावर येते. काल बाबांनी खानावळ बंद ठेवली! आई गेली तो दिवस सोडला तर जिला कधी कुलूप लागलं नाही, ती खानावळ! आणि कशासाठी? मला जुना दगडी पूल आणि टेहळणीचा बुरूज दाखवायला, चार ठिकाणचं खाऊ घालायला. ज्या माणसाला बाहेरचं पाणीसुद्धा आळणी लागतं, त्याने हे म्हणावं?

पुलाकडे बाबांनी धड पाहिलंही नाही. जेवायला बसलो की मात्र तेच. आधी मला खायला लावायचे, कसं झालंय विचारायचे, मग स्वतः घास घेऊन मी म्हणाले तेच म्हणायचे. माझ्याशी एकमत, दादा! जन्मात झालं नव्हतं. ज्या चमच्याने चाखल्याशिवाय आपलं पातेलं चुलीवरून उतरत नाही आणि ज्याला हात लावायची आपली प्राज्ञा नाही, तो त्यांनी दिवसभर खिशातून काढला नाही.

कुठेतरी पाणी मुरतंय. रविवारी पुन्हा निघायचंय म्हणतात. तुला ठाऊक असून लपवत असशील तर याद राख.

लोभ आहे तेवढा राहू दे, खरेपणा वाढव.
ठिणगी

ता. ७ मार्च

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

पाकिटालाच चटका लागला, तेव्हाच अक्षर ओळखलं.

लपवलं, कबूल. महिन्यापूर्वी बाबांनी मला लिहून विचारलं होतं, की आपल्या पातेल्यावर दुसऱ्या कुणाचा हात आला तर मला राग येईल का. तिला कळवू नकोस, ती टेबलावर उभी राहून भाषण ठोकेल, असंही होतं. मला वाटतं, बाहेरचा आचारी आणायचा घाट आहे. बारा वर्षं तू त्या धुरात राबलीस, तुला डावलायला काहीतरी कारण हवं. ही सहल म्हणजे तुझी परीक्षा असावी.

एक कर. चांगल्याला मुद्दाम वाईट म्हण. तरीही मान डोलावली, तर ते तुला नुसतं खेळवताहेत समज.

तुझी वहिनी म्हणते, आधी जेवून घे, मग भांड. काय होतं ते कळव, जीव टांगणीला आहे.
दादा

ता. ११ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

जुन्या कचेरीतलं संग्रहालय पाहिलं. समोरच्या छपरीत माशाचं कालवण मिळालं, इतकं सुरेख की मी दोनदा वाढून घेतलं. आणि तोंड वाकडं करून म्हणाले, खारट झालंय. बाबांनी घास घेतला. खारटच आहे, म्हणाले.

चिमूटभर मीठ जास्त पडलं म्हणून माझं अख्खं पातेलं ओतून देणारा माणूस, दादा!

आधी संताप आला. तुझा अंदाज खरा वाटला. मग परतीच्या बसमध्ये आठवलं. थंडीत बाबांना ताप आला होता, तेव्हापासून ते खानावळीत चाखतात आणि मान हलवण्याआधी माझ्याकडे पाहतात. आचारी नाही आणि परीक्षाही नाही. बाबांची चव गेली आहे. चव्हाट्यावर सत्यासाठी घसा फोडणारी मी, बापाला एक साधा प्रश्न विचारायचं सोडून सापळा लावून आले.

तू तरी माझ्यावर माया ठेव. मला स्वतःची लाज वाटते.
ठिणगी

ता. १२ मार्च

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

एका छपराखाली राहून पत्र लिहितोय, कारण समोर आलो की तू भाषण करशील आणि मी ओरडेन.

दुसऱ्यांदा वाढून घेतलंस आणि मग खारट म्हणालीस. खारट कालवण कुणी परत मागत नाही, बाई. जीभ गेली, डोळे शाबूत आहेत. तरी हो म्हणालो. चव गेली हे स्वतःच्या तोंडाने सांगवत नव्हतं. म्हटलं, तूच पकड.

घरचं तू माझ्याच चवीने चाखतेस. परक्या हातचं तुला कळतं का, तेवढंच पाहायचं होतं. पहिल्या दिवशी तू म्हणालीस तेच शेजारच्या पानांवरची माणसंही म्हणत होती. कळतं. पातेल्यावर दुसरा हात आला तर चालेल का, असं दादाला लिहून विचारलं होतं; तो हात तुझाच. तो थोरला आहे, त्याला विचारायला हवं होतं. तुलाही विचारायला हवं होतं, ते चुकलं.

चमचा मिठाच्या बरणीत ठेवलाय. उद्या पातेलं उतरण्याआधी चाख, आणि कसं झालंय ते मला सांग. खरं सांग.

आशीर्वाद माझे, मीठ तुझं.
बाबा