फलकावरचा माझा फोटो उतरवण्याबाबत

मी, सविता नथू मालपोटे, वय एकसष्ट, अविवाहित, राहणार औंढे, ता. मावळ, जि. पुणे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहून ठेवते. बत्तीस वर्षं मला स्किझोफ्रेनिया आहे. आज माझं डोकं ठिकाणावर आहे. तळेगावच्या डॉक्टरांचा दाखला मागे जोडला आहे.

१. वडिलांनी माझ्या नावे केलेली रस्त्यालगतची अकरा गुंठे जागा. तिच्यावर धाकटा भाऊ महिपती व्हिटॅमिन उपचार केंद्र चालवतो. या उपचारांचं दोन दिवसांचं शिबिर करून आला आणि माझ्या गोळ्या त्यानं चुलीत घातल्या. "आक्के, माज्या गोळ्या घे, सा म्हयन्यात बरी व्हशील." मूठभर व्हिटॅमिनं गिळली की तोंड लालेलाल, अंगाची आग. तो म्हणायचा, आजार बाहेर पडतोय. बाहेर काही पडलं नाही. डोक्यातले आवाज मात्र परत आले.

२. त्याची बायको माधवी मला गुपचूप डॉक्टरांकडे नेऊ लागली. "वन्सं, घरात सांगा, शिरगावला साईबाबाला चाललोय." दर महिन्याच्या एका गुरुवारी इंजेक्शन मिळत गेलं, म्हणून मी माणसात आले. श्रेय महिपतीनं लाटलं. केंद्राच्या दारात फलकावर माझे दोन फोटो लावले, 'आधी' आणि 'नंतर'. खरं बोलले तर तो माधवीवर हात उचलील, म्हणून मी गप्प बसले. ही माझी चूक, ती कबूल करते.

३. कारण शेजारच्या केरबांच्या पिंकीलाही माझाच आजार होता. तिनं तो फलक बघून डॉक्टरांच्या गोळ्या सोडल्या. चौथ्या महिन्यात पोर भुशी धरणाच्या पाण्यात सापडली. दहाव्याला महिपती चारचौघांत म्हणाला, "डोस नीट घेतला न्हाई पोरीनं." त्याला मी माफ केलेलं नाही आणि करणार नाही.

४. सदर जागा, तिच्यावर जे काही उभं आहे त्यासह, माधवीला द्यावी. माझ्या तेराव्याच्या आत फलक उतरवून तिथं डॉक्टरांनी तारखा टाकलेली माझी इंजेक्शनची कार्डं लावावीत. नवऱ्याला तिथं पाऊल ठेवू द्यायचं की नाही, हे तिनं ठरवावं. महिपतीला माझ्या ट्रंकेतले व्हिटॅमिनचे सतरा डबे, सीलसकट. रोज मूठभर गोळ्या घ्याव्यात.

५. महिपती कोर्टात जाईल. बहीण वेडी होती म्हणाला, तर त्यानं बरी केलेली म्हणून तालुकाभर मिरवलेली बाई वेडीच ठरते. शहाणी होती म्हणाला, तर जागा गेली. जागा आपल्यालाच मिळणार, असं त्यानं गृहीत धरलंय. मी तसं कधी म्हटलेलं नाही. साक्षीदाराला मजकूर दाखवावा लागत नाही, असं वकील म्हणाले. म्हणून वरचा मजकूर झाकून दोन सह्या घेते. त्यातली एक त्याची.

औंढे, गुरुवार, दि. १३ फेब्रुवारी २०२५
(सही) सविता नथू मालपोटे

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली.

साक्षीदार: (सही) केरबा दगडू गरुड

साक्षीदार: (सही) महिपती नथू मालपोटे. माझी बहीण शंभर टक्के शुद्धीवर आणि ठणठणीत आहे. तिला मीच बरी केली, हे स्वहस्ते लिहून देतो.